पंजाबकाकांचं मडकं

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला रंग अजून उतरला नव्हता, तेवढ्यात शेखरने चिखलदऱ्याचं खूळ काढलं. वरूडात बसून त्याला कंटाळा आला होता. वर्षभर दवाखाना, मग घर, मग पुन्हा दवाखाना. आता डॉक्टर म्हणत होते की थोडं चाला, मोकळ्या हवेत फिरा, आणि मोकळी हवा म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला चिखलदऱ्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मनोज त्याचा थोरला भाऊ. संत्र्याच्या बागेतली फवारणी टाकून जायला तो काही फारसा राजी नव्हता, पण धाकट्याचं तोंड पाहून हो म्हणाला. गेल्या वर्षापासून त्याला शेखरला नाही म्हणताच येत नव्हतं.

त्याचं कारण सांगायला हवं. गेल्या वर्षी याच दिवसांत शेखरची कावीळ वाढत वाढत यकृतावर गेली. अमरावतीला राजापेठेतल्या एका दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता. एका दुपारी डॉक्टरांनी मनोजला बाजूला घेतलं आणि आता आमच्या हातात काही नाही, घरी न्यायचं तर न्या, असं सांगितलं. मनोजने गावाकडे फोन लावला. शेखरला घेऊन येतोय, एवढंच त्याच्या तोंडून फुटलं आणि तो रडायला लागला. पलीकडच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं, आणि पंजाबकाका कामाला लागले.

पंजाबराव नात्याने लांबचे चुलते, पण अख्ख्या आळीचे काका. कुणाच्याही घरी मयत झाली की हा माणूस सगळ्यांच्या आधी हजर. बांबू, सुतळी, गोवऱ्या, राळ, मडकं, कुठून काय आणायचं ते त्यांना तोंडपाठ. मयतीत ते पायात चप्पल घालत नसत. सरण रचून झालं की अग्नी देणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं द्यायचे, सरण डाव्या हाताला ठेवून त्याला उलटं फिरवायचे, आणि स्वतः मागून चालत एकेका फेरीला मडक्याला खड्याने भोक पाडायचे. तीन फेऱ्या, तीन भोकं. मग मडकं खांद्यावरून मागे सोडून द्यायचं आणि वळून बघायचं नाही. काकांची त्यातही एक लकब होती. आधी खड्याने हलकीच टिचकी मारून जागा बघायचे, मग ठोका द्यायचे. त्यांच्या हातून मडकं कधी अवेळी फुटलं नाही. आयुष्यात बाकी काही धड जमलं नाही, हे मात्र जमलं, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

त्या दिवशीही त्यांनी सगळं मांडून ठेवलं. शेखरचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे अग्नी थोरल्या भावानेच द्यायचा, हेही ठरवून टाकलं. इकडे अँब्युलन्स मोर्शीच्या अलीकडे होती. मनोज शेखरचा हात धरून बसला होता. तो हात त्याच्या हातात हलला, शेखरने डोळे उघडले आणि म्हणाला, "पानी." गाडी तिथूनच अमरावतीकडे वळली. शेखर वाचला. कसा वाचला, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

मग बांबू कुणाच्या तरी मांडवाला लागले, लाकडं वखारवाल्याने मुकाट्याने परत घेतली. पण अशा कामाला नेलेलं मडकं कुंभार काही परत घेत नाही. काका ते घेऊन मनोजच्या बागेतल्या खोलीवर आले. नदीवर जाऊन फोडून टाक, म्हणाले. मनोज तेव्हा आनंदात होता. तो हसला आणि म्हणाला, राहू द्या काका, मजुरांना पाणी प्यायला होईल. काकांना ते हसणं आवडलं नाही.

"काम अर्धं ठेवू नये, मनोज," ते म्हणाले. "माह्या हातून आजवर नाई राह्यलं."

मनोजने मडकं कोपऱ्यात पालथं घातलं आणि विसरून गेला. पुढे उन्हाळ्यात काकाच गेले. ऊन लागल्याचं निमित्त झालं. त्यांच्या वेळी खडा कुणी धरायचा यावरून स्मशानात कुजबुज झाली, आणि ज्याने धरला त्याच्या पहिल्याच ठोक्याला मडकं फुटलं. लोकांना वाईट वाटलं. मनोजलाही वाटलं, पण मडक्यावरून त्याला कोपऱ्यातलं ते दुसरं मडकं काही आठवलं नाही.

असो. तर दोघं भाऊ भल्या सकाळी निघाले. परतवाड्याला मनोजने गिला वडा खाल्ला, शेखरने नुसता वास घेतला. त्याचं सगळं पथ्याचं होतं. पाणीसुद्धा घरचं उकळलेलं, पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये भरून सत्यभामाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, स्वतः गाडीत ठेवलं होतं. बाहेरचा एक घोट पोटात गेला तर बघ, असा मनोजला दमही भरला होता. घाट चढून वर आले तर धुकं. शेखर खिडकीतून हात बाहेर काढून लहान पोरासारखं ते धुकं पकडत होता, आणि मनोजला फार बरं वाटत होतं.

गावापासून थोडं बाजूला पाइनचं एक जुनं रान आहे. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने हौसेने लावलेलं म्हणतात. पाइनच्या मध्ये मध्ये सिल्व्हर ओक उभे, आणि या सगळ्याच्या मधोमध एक ठेंगणी टेकडी. टेकडीला वळसा घालून गोल पायवाट जाते, जिथून निघाल तिथेच परत आणून सोडते. वाटेच्या तोंडाशी एक पाटी आहे, तिच्यावर डावीकडे बाण काढलेला आहे. पाटीच्या मागूनच एक आडवाट थेट टेकडीच्या माथ्यावर जाते. आडवार असल्याने रानात दुसरं कुणी नव्हतं. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, खाली सुयांसारख्या पानांची गादी पसरली होती आणि तिच्यावर पाऊल वाजत नव्हतं. हवेत एक उग्र, गोडसर वास होता. हा वास आपण कुठेतरी घेतलाय, असं मनोजला वाटून गेलं.

माथ्यापर्यंत जाताना शेखरला धाप लागली. वर थोडी सपाट जागा होती. वादळात पडलेले पाइन कापून त्यांचे ओंडके तिथे रचून ठेवले होते, खाटेएवढे उंच, नीट एकावर एक. शेखर त्यांच्यावर जाऊन बसला, मग आडवाच झाला.

"दादा, तू जाय. एक राऊंड मारून ये," तो म्हणाला. "तुही शुगर कमी होईन. मी पडतो अथीसा."

मनोजला रोज चालायची सवय होती, आणि शेखरच्या चेहऱ्यावर झोप दिसत होती. त्याने आपलं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं. डब्याची पिशवी आणि कॅन तिथेच ठेवावं म्हटलं तर झाडांवर माकडं टपून बसलेली. उकळलेल्या पाण्याचं कॅन त्यांनी लोळवलं असतं तर आईने दोघांनाही सोडलं नसतं. शेखरसाठी छोटी बाटली भरून ठेवली, आणि पिशवी नि कॅन घेऊन मनोज खाली उतरला. बाणाच्या बाजूला चांगलीच चढण दिसत होती, म्हणून तो बाणाच्या उलटी बाजू धरून निघाला. कॅनची मूठ बोटांना काचायला लागली तसं त्याने ते उचलून डाव्या खांद्यावर घेतलं. टेकडी त्याच्या डाव्या हाताला होती.

धुकं दाट होत गेलं. पुढची चार झाडं तेवढी दिसायची, पाचवं नुसतं काळं वाटायचं. थोडं चालून झालं असेल, तेव्हा कॅनवर काहीतरी हलकेच वाजलं. माकडाने वरून काही टाकलं असेल, त्याला वाटलं. आणि लगेच मागून ठोका बसला. टक्.

पाण्याची धार त्याच्या पाठीवरून खाली उतरली. काटकी लागून कॅनला चीर गेली असणार, असं म्हणून त्याने माकडांना एक शिवी हासडली. भोक चाचपायला हात मागे नेला, तर ते हाताला सापडलं नाही. आता राऊंड संपतच आला असेल, वर जाऊन बघू, असा विचार करून तो पाय उचलून चालू लागला. पाणी पाठीवरून टाचेपर्यंत येत होतं आणि वाटेवर सांडत होतं.

पाटी आली. पाटीच्या मागे आडवाट नव्हती. सिल्व्हर ओकची खोडं एकाला एक लागून उभी होती आणि त्यांच्या मागे पांढरं धुकं. मनोजने हाक मारली. वरून काहीच उत्तर आलं नाही. मोबाइलला रेंज नव्हती. अशा पाट्या वनखात्याने दोन लावल्या असतील, आपली पुढे असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तो तसाच पुढे निघाला. थोड्या अंतरावर त्याला पानांच्या गादीवर एक ओली, काळपट रेघ दिसली. त्याच्याच कॅनमधून सांडलेल्या पाण्याची. म्हणजे तो पहिल्याच वाटेवर पुन्हा चालत होता.

एका ठिकाणी वाट चिखलाची होती. तिथे त्याच्या बुटांचे ठसे होते. आणि त्या ठशांच्या मागे, एका पावलाचं अंतर ठेवून, अनवाणी पायाचे ठसे होते.

मनोजला मागे बघावंसं वाटलं, पण मान वळेना. तो भराभर चालू लागला. आणि कॅनवर पुन्हा ती हलकी टिचकी वाजली, जागा बघितल्यासारखी. मग ठोका. टक्. दुसरी धार सुटली.

तो वास आता इतका दाटला होता की घशात उतरत होता. आणि मनोजला तो वास ओळखू आला. राळेचा वास. पाइनच्या ओंडक्यांतून राळ पाझरत होती, आणि सरणावर टाकतात ती राळच असते. मग एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. रचलेली लाकडं. त्यांच्यावर आडवा झालेला धाकटा भाऊ. आपल्या खांद्यावर पाणी, डाव्या खांद्यावर. टेकडी डाव्या हाताला. धुक्यातून पाटी पुन्हा समोर आली होती. पाटीच्या पुढे पाऊल टाकलं की तिसरी फेरी सुरू होणार होती.

तो जागच्या जागी थांबला.

"थांबू नको, मनोज..." मागून आवाज आला. हळू, समजुतीचा आवाज. दुःखातल्या माणसाला सांभाळून घेणारा. हा आवाज त्याने लहानपणापासून प्रत्येक मयतीत ऐकला होता. "एकच राह्यली... मांगं पाहू नको."

मनोजच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. त्या आवाजात राग नव्हता, खोटेपणा नव्हता. काका आपलं काम करत होते.

"काका," तो कसाबसा बोलला, "तो जित्ता हाय."



"मंग..." आवाज अगदी जवळून आला, खरंच कोड्यात पडल्यासारखा. "मंग या मडक्याचं काय करू?"

मनोजने कॅन दोन्ही हातांनी खांद्यावरून खाली उतरवलं, सांभाळून, भरल्या घरातली काचेची वस्तू उतरवावी तसं, आणि छातीशी घट्ट धरलं. मग तो मागे वळला. मागे कुणी नव्हतं. पाण्याची रेघ तेवढी होती. वाटबीट न बघता तो टेकडीच्या बाजूच्या खोडांमध्ये घुसला, आणि हातापायाला खरचटत, घसरत, थेट टेकडी चढला.

शेखर ओंडक्यांवर उताणा पडला होता. हात छातीवर जुळवलेले. पापण्यांवर धुक्याचे थेंब जमले होते. मनोजने त्याला हलवलं, गालावर थापट्या मारल्या, त्याचे गार हात चोळले, नाव घेऊन रडायलाच लागला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग शेखरने डोळे उघडले.

"पानी," तो म्हणाला.

मनोजने कॅनचं झाकण उघडलं. कॅन गळ्यापर्यंत भरलेलं होतं. त्याला कुठे चीर नव्हती, भोक नव्हतं. त्याचा शर्ट मात्र पाठीवर चिंब भिजून अंगाला चिकटला होता.

परतवाडा मागे पडल्यावर शेखरने सहज सांगावं तसं सांगितलं की झोपेत पंजाबकाका आले होते. अवघडला असशील म्हणाले आणि डोकं उत्तरेकडून दक्षिणेकडे करून दिलं, सरणावर ठेवतात तसं. कुशीखालचं एक लाकूडही सारखं केलं. मग म्हणे बराच वेळ नुसते बसून राहिले.

"बिमारच वाटत होते, दादा," शेखर म्हणाला. "मले त्याईची दया आली."

मनोजने गाडी घरी नेली नाही. उन्हं उतरायच्या आत तो आधी बागेत गेला आणि शेखरला गाडीतच बसवून एकटा खोलीत शिरला. मडकं कोपऱ्यात होतं. पालथं घातलेलं ते मडकं आता उताणं होतं. त्याच्या पोटावर दोन भोकं होती, गोल, नेटकी, एकाही बाजूने तडा नसलेली. मडक्यात पाणी होतं, आणि खालची जमीन भिजून काळी झाली होती. शेजारी मुठीत मावेल असा एक खडा होता. त्याला पाइनच्या दोन-तीन ओल्या सुया चिकटल्या होत्या. वरूडच्या आसपास पाइनचं एकही झाड नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला सगळं सांगितलं. सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत्ताच्या आत्ता ते मडकं नदीवर नेऊन फोड, म्हणाल्या. मनोजने नकारार्थी मान हलवली. वर्षापूर्वी फोडलं असतं तर ते नुसतं मडकं होतं. आता त्याच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. ते नेताना हातातून निसटलं तर? फोडलं आणि त्यानेच काम पुरं झालं तर? हे मनोज आईला बोलला नाही, पण तिला ते कळलं.

त्याने मडक्याभोवती पोत्यांचा गराडा घातला, खोलीतलं खत-औषध बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं. कुठल्याही मजुराने त्या खोलीकडे फिरकायचं नाही, अशी ताकीद दिली. मजूर हसले. संत्र्याला रंग चढू लागला, व्यापारी येऊ लागले. शेखरची तब्येत सुधारली, त्याच्यासाठी मोर्शीकडचं एक स्थळही सांगून आलं. मुलीकडचे बघायला येणार, त्या दिवशी सकाळी मनोज बागेत गेला होता. शेखर लांब झाडांत फळं निवडत होता, शीळ घालत होता. कुलूप नीट आहे ना, एवढं बघायला म्हणून मनोजने त्याला हात लावला.

आत, बंद दारामागे, मातीवर कुणीतरी हलकीच टिचकी मारली. जागा बघितल्यासारखी.

मनोज कुलपावर हात ठेवून उभा राहिला. झाडांतली शीळ मध्येच थांबली होती. तो कान देऊन ऐकत राहिला, ती पुन्हा सुरू होण्याची वाट बघत.